बेलभंडाऱ्याची साक्ष

आबा,

तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि तुम्ही होतात तोवर मलाही लिहिता येत नव्हतं, त्यामुळे आपल्यात पत्राचा प्रश्न कधी आलाच नाही. आता मला लिहिता येतं, पण वाचून घ्यायला तुम्ही नाही. तरी लिहिते आहे, कारण गेल्या महिन्यात मी वाडीवर जाऊन आले आणि देवाच्या ठाण्यापुढे तुमची गोष्ट ऐकली. तुम्हाला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, गोष्ट मात्र अजून चालू आहे. झाडाखाली बसलेला एक विशी-बाविशीचा पोरगा घोळक्यातल्या एकाला सांगत होता, "बेलभंडारा म्हंजी खेळ न्हाई गड्या. हितं एक म्हातारा हुता, उचलून मोडला त्यानं. पाचव्या दिशी देवानं न्हेला." तुम्ही म्हातारे नव्हतात, आबा. चाळिशीसुद्धा नीट ओलांडली नव्हती. मी तिथेच हाताच्या अंतरावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. तो म्हातारा नव्हता, एवढंसुद्धा मी त्याला सांगितलं नाही. त्यानं बेलभंडारा मोडला नव्हता, हे सांगणं तर लांबच राहिलं. खरं तर तेच सांगायला मी एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत गेले होते. ते कुणाला तरी सांगायलाच हवं, नाहीतर मीही जाईन आणि ती गोष्ट तशीच चालत राहील.

पासली गावाच्या वरच्या अंगाला, चढून जायला तास लागतो तिथे आपली सात खोपटांची वाडी. म्हशी, थोडी शेरडं आणि खवा. आई गेल्यापासून कढईशी मी बसायचे आणि तयार खवा टोपलीत घालून, पळसाची पानं झाकून, डोक्यावरून भोरला न्यायचात तुम्ही. सगळा दिवस चालून जायचं, दुसरा दिवस चालून परत. भोरला राजाचं राज्य होतं तोवर तुम्ही प्यायचात ते भोरला, खवा घालून झाल्यावर, आणि येताना बोलके होऊन यायचात. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. मग राज्य गेलं, मुंबईचं सरकार आलं, पाठोपाठ दारूबंदी आली, आणि लोक म्हणाले, आता माणसं सुधारणार. तुमची दारू भोरातून उठली आणि ओढ्याच्या कपारीत, आपल्या खोपटापासून हाकेच्या अंतरावर येऊन बसली. काळा गूळ आणि नवसागर. आधी आठवड्यातून दोनदा लागायची ती रोज लागायला लागली, मग सकाळ-संध्याकाळ, मग उठल्या उठल्या. उठल्यावर तुमचे हात थरथरायचे आणि पहिला घोट पोटात गेला की थांबायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्या बापाचे हात असेच चालू होत असतील.

तुम्ही वाईट माणूस होतात असं मला कधीच म्हणता आलं नाही, आणि त्याचाच मला राग यायचा. वाईट असतात तर सोपं गेलं असतं. तुम्ही एकदाच मला रागावलात ते आठवतं. मी दुधाची चरवी लवंडली होती आणि वासरू सुटून प्यायलं असं सांगितलं होतं. तुम्ही त्या वासराकडे बघितलंत, माझ्या ओल्या परकराकडे बघितलंत. मारलं नाही. म्हणालात, "सांडलं तर सांडलं म्हनावं. वासराच्या माथी मारू नये. त्येला बोलता येत न्हाई." त्या दिवशी संध्याकाळी मी जेवले नाही आणि तुम्हीही जेवला नाहीत, म्हणजे तुम्ही प्यायलात. दुसऱ्या खेपेला भोरहून येताना मला वहाणा घेऊन आलात. वाडीतल्या कुठल्या पोरीच्या पायात तोवर वहाण नव्हती. पायापेक्षा चांगल्या तीन बोटं मोठ्या होत्या. मी म्हणाले, ह्या गळून पडतात. तुम्ही म्हणालात, "पाय वाढतोच की." त्या वहाणा मला नीट बसायला लागल्या तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्या चैत्रात गाभण म्हैस अडली. मी एकटी तिच्यापाशी, आणि तुम्ही दारात पडलेले. मी तुमच्या तोंडावर पाणी मारलं, दंडाला चावले, तुम्ही हसलात. म्हैस गेली, पारडू गेलं. सकाळी थोरला चुलता आला. आपल्या वाडीत तो म्हणेल तीच रीत, हे तुम्हाला माहीतच आहे. तो काही बोलायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "म्या उचलतो भंडारा." रविवार होता. ठाण्यापुढे सगळी वाडी जमली. तुम्ही आंघोळ करून, ओल्या केसांनी आलात. देवापुढचं बेलाचं पान, त्यावर चिमूटभर पिवळा भंडारा, ते तुम्ही उजव्या तळहातावर घेतलंत आणि म्हणालात, आजपासून थेंब घेणार न्हाई. हात इतका हलत होता की भंडारा पायावर सांडला. चुलत्यानं रीत सांगितली. मोडला तर वाडीनं तुमच्याशी पाणी तोडायचं, पुढच्या रविवारी देवाला बकरं पडेपर्यंत कुणी हातानं तांब्या द्यायचा नाही. आणि मग तो माझ्याकडे वळला. "बाप काय बी म्हनंल. साक्ष पोरीची. तोंडाला वास आला तर आला म्हनशील?" "म्हनीन." "न्हाई आला तर न्हाई म्हनशील?" "म्हनीन." त्यानं माझ्याही तळहातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर भंडारा टाकला. माझा हात हलला नाही. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

सोमवारी तुम्ही कढईपाशी माझ्या शेजारी येऊन बसलात. "उलथणं दे हिकडं," म्हणालात. दूध आटताना हात थांबवून चालत नाही, लगेच खाली लागतं, आणि तुमचा हात थांबतच नव्हता. तुम्ही हसलात, "आता बघ कसा जोमात हालतोय, खवा चांगला व्हनार." घामानं अंगरखा भिजला होता. खाल्लेलं ओकून पडत होतं. मी ताक दिलं, तेही राहिलं नाही. मंगळवारी तुम्ही झोपला नव्हतात हे डोळ्यांवरून दिसत होतं. कोंबडीनं पंख फडफडवले तरी दचकायचात. माझ्यावर ओरडलात, मग दोन्ही हात जोडून माफी मागितलीत. बाप लेकीपुढे हात जोडतो हे मी पहिल्यांदा बघितलं, आणि मला त्याची किळस आली. बुधवारी दुपारी, लख्ख उन्हात, तुम्ही घोंगडीवरच्या मुंग्या वेचायला लागलात. घोंगडीवर मुंगी नव्हती. एकेक चिमटीत धरून तुम्ही ती हळूच बाहेर ठेवत होतात, मारत नव्हतात. आढ्याकडे बघून म्हणालात, "पारडू कुणी वर चढवलं? उतरवा की रं त्याला." आईला हाक मारायचात तशी मला हाक मारलीत. मग उठलात आणि पारडू उतरवायला आढ्याला लोंबकळलात, वासा मोडला, माणसं धावली.

चुलता दारात उभा राहिला. म्हणाला, "पोरी, वास घे." चौघांनी तुम्हाला धरलं होतं. मी वाकले. तुमच्या तोंडाशी नाक नेलं. म्हणाले, "येतोय."

त्यांनी तुम्हाला रिकाम्या गोठ्यात, मेलेल्या म्हशीच्या खुंट्याला बांधलं आणि पाणी तोडलं. गुरुवारी वरच्या खोपटातली म्हातारी आली. ती एकटी राहायची, स्वतःही थोडी घ्यायची, म्हणून तिला कुणी माणसात मोजत नव्हतं. वाटीच्या तळाशी थोडीशी घेऊन आली होती. मला म्हणाली, "येकदम तोडलेला मानूस टिकत न्हाई गं. माज्या भावाचं म्या बघितलंय. चमचा चमचा दे. चार दिसांनी चमचा बी कमी कर. पानी पाज आदी." चुलता गुरकावला, हिला स्वतःला सोबती हवाय. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चमचा तुमच्या ओठाला लावला आणि तुम्ही दात आवळलेत, मान फिरवलीत. म्हणालात, "न्हाई. येकदा मोडला. आता न्हाई मोडायचा." ते सगळ्यांनी ऐकलं. झालं की मग, वाडी म्हणाली, गड्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. म्हातारी वाटी घेऊन गेली. जाताना मला म्हणाली, "तुला नाक हाय का न्हाई?" शुक्रवारी ऊन वर यायच्या आत तुम्हाला आकडी आली. एक, मग लागोपाठ दुसरी. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी तांब्या घेऊन धावले तेव्हा कुणी मला अडवलं नाही, कारण पाणी आत जात नव्हतं.

देवानं धरलं, असं ठरलं. बकरं पडलं, वाडी मोकळी झाली. टोपली माझ्या डोक्यावर आली. भोरला एका वकिलांच्या घरी मी खवा घालायचे, त्या घरच्या वहिनींनी मला ओट्याशी बसवून अक्षरं शिकवली, पुढे दवाखान्यात आया म्हणून लावलं, आणि तिथून मी नर्सिंग शिकून पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात गेले. हे चार ओळींत लिहिलं, व्हायला दहा वर्षं लागली. साठ सालच्या आसपास माझी नेमणूक मनोरुग्णांच्या वॉर्डात झाली, आणि तिथे एका सकाळी मार्गासनीकडचा एक माणूस आणला. चादरीवरून काहीतरी वेचत होता. मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या खाटेशी गेले. त्याची बायको सांगत होती, "प्यालाय वो. तीन दिस झालं सोडली म्हनतोय, खोटारडा." डॉक्टर वाकले, त्याच्या तोंडाशी नाक नेलं, आणि सरळ होऊन म्हणाले, "खोटं नाही बोलत तो, बाई. वास नाहीये. सोडली, म्हणूनच असं झालंय." मी विचारलं, म्हणजे काय. ते शांतपणे सांगत गेले. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या दारूला रेटून चालायला शिकलेला असतो. ती एकदम काढून घेतली की त्याला आवरता येत नाही. घाम, थरथर, भास, ताप, आकड्या, कधी मरणसुद्धा. मला टोपली आठवली. भोरला पोचल्यावर कुणी डोक्यावरची टोपली न सांगता उचलली की मी दोन पावलं भेलकांडायचे. तुमच्या डोक्यावरचं तर वीस वर्षांचं होतं.

त्या माणसाला झोपेची सुई दिली, जीवनसत्त्वाची दिली, सलाईन लावलं, खोलीत उजेड ठेवला, बायकोला उशाशी बसवलं आणि हात धरायला सांगितलं. एवढंच. देव नाही, दैत्य नाही. सहाव्या दिवशी त्यानं भाकरी मागितली. मी ती त्याला दिली आणि धुण्याच्या खोलीत जाऊन चादरींच्या ढिगात तोंड खुपसून ओरडले. पुढे तो पुन्हा प्यायला, पुन्हा आला, तिसऱ्यांदाही आला. तेव्हा कळलं की ते सहा दिवस नुसता उंबरठा असतो, खरं घर त्याच्या पुढे. वर्षं जातात, रोजचा दिवस नव्याने काढावा लागतो, आणि तो काढताना शेजारी कुणीतरी लागतं. डॉक्टर म्हणायचे, हा आजार आहे, पाप नाही. तीस वर्षं मीही तेच लोकांच्या बायकांना सांगत आले. सांगताना दर वेळी आत काहीतरी चावायचं. आजार म्हटलं की दोष कुणाचाच नाही ना? मग माझा कुठे जातो?

तेव्हापासून मला एक सवय लागली, आबा, आणि ती सुटत नाही. माणूस कुणीही असो, मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घेते. वॉर्डात ते कामाचंच होतं, तिथल्या पोरी मला नाकवाल्या सिस्टर म्हणायच्या, मीही हसायचे. पण मी शेजाऱ्यांचा घेते, पोस्टमनचा घेते. मुलगा कॉलेजातून घरी आला की दारातच. एकदा तो म्हणाला, "आई, पुरे. एकदा घेतलास, दोनदा घेतलास, काय शोधतेस?" तिसऱ्यांदा घेतल्याशिवाय मला त्याला आत येऊ देता येईना. मला ठाऊक होतं की हा वेडेपणा आहे, मी त्यावरची औषधं दुसऱ्यांना देत होते. तरी नाक जायचंच. तुम्ही कपारीकडे कसे जात असाल, पाय कसे आपोआप वळत असतील, ते मला तेव्हा समजलं.

आणि गेल्या महिन्यात मी वाडीवर गेले. चुलता केव्हाच गेला, म्हातारी त्याच्याही आधी. म्हटलं, ठाण्यापुढे उभी राहते आणि सांगते. तर तिथे त्या पोरांच्या घोळक्यात एक माणूस उभा होता, ओल्या केसांचा, आणि त्याचा हात हलत होता. तुमची गोष्ट त्याला धाक घालायला चालली होती. मी पुढे झाले, त्याच्या बायकोला बाजूला घेतलं, म्हणाले, "आधी दवाखाना, मग भंडारा. आजच्या आज खाली ने. एकदम तोडू देऊ नको, मरेल." ती म्हणाली, "तुमास्नी कसं ठावं?" मी म्हणाले, मी नर्स आहे. तिनं नेलं त्याला, ती दोघं जीपमध्ये बसेपर्यंत मी सोबत होते. नर्स आहे म्हणाले, आबा. त्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याची मुलगी आहे, असं नाही म्हणाले.

आता राहिलेलं. वर मी लिहिलं की मी वाकले आणि "येतोय" म्हणाले. ते मी असं लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटावं, पोर लहान होती, घाबरली, चुकली. डॉक्टरांना मी असंच सांगितलं होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

वास नव्हता. उपाशी पोटाचा आंबूस वास होता, दारूचा नव्हता. दारूच्या वासात मी वाढले, मला तो चुकणार नव्हता. मी वाकले, मला कळलं, आणि तेवढ्यात मी विचार केला. प्यालेल्या तुम्हाला कसं सांभाळायचं ते मला येत होतं. बांधायचं, उतरेपर्यंत वाट बघायची, सकाळी कांजी द्यायची. न पिता तुम्ही असे झाला असाल तर काय करायचं, ते मला येत नव्हतं. आणि मी दमले होते. आणि त्या म्हशीचा राग होता. एवढ्या तीन गोष्टी, चौथी नाही. भंडारा त्या रविवारी आपण दोघांनी उचलला होता. तुम्ही पाळलात. देवानं मला काहीच केलं नाही, पेन्शनसुद्धा वेळेवर येते.

पण त्याहून वाईट ते आहे, जे मी आजवर स्वतःशीही पुरतं बोललेले नाही. मी "येतोय" म्हणाले तेव्हा तुमची नजर क्षणभर साफ झाली. मुंग्या गेल्या, पारडू गेलं, तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मला ओळखून. आणि म्हणालात, "व्हय? तू म्हनतीस तर घेतली आसंल." तुम्हाला स्वतःवर भरवसा उरला नव्हता, माझ्यावर होता. गुरुवारी म्हातारीच्या चमच्यापुढे तुम्ही दात आवळलेत ते त्यामुळे. एकदा मोडला, हे तुम्हाला माझ्याकडून कळलं होतं.

हा कागद मी वहाणांच्या पेटीत ठेवणार आहे. पुढच्या चैत्रात ठाण्यापुढे वाचून दाखवीन, असं शेवटी लिहायचं ठरवून बसले होते. ते लिहीत नाही, कारण मी दाखवीन की नाही मला माहीत नाही, आणि तुमच्याशी आणखी एक खोटं नको. सांडलं ते माझ्या हातून, आबा. वासराच्या माथी मी मारलं.